मुंग्या

बोटांना मुंग्या येतात म्हटलं,
तर विड्या जमा करायच्या रांगेत सगळ्याच हसल्या.
तीस वर्षं पानं कातरल्यावर कुणाला येत नाहीत?
मीही हसले.

सोलापूरचा मे. विडी घरकुलात
शहाबादीवर पाणी मारून अनवाणी बसायचं,
सूप मांडीवर, पानं भिजलेली, हात ओले.
डोक्याशी मंगळवार पेठेतून जुना घेतलेला
पत्र्याचा टेबललॅम्प,
वायरीला दोन ठिकाणी काळी टेप.
लुकलुकला की टपली मारायची.
टपलीसरशी मुंग्या.
पानांच्याच असणार.

कधी करपल्याचा वास यायचा.
उठून चूल बघायचे.
तवा गार.

परवा भार्गवीनं अभ्यासाला लॅम्प ओढला
आणि हात झटकला:
"अम्मा, हा चावतो."
तिची बोटं मऊ, विडी न शिकलेली.
मी शिकवली नाही.

दस्तगीरनं पत्र्याला टेस्टर टेकवला.
लॅम्पचं बटण बंद होतं,
तरी टेस्टरच्या पोटात लाल ठिपका पेटला.
होल्डर उघडला, आत सगळं तपकिरी, वितळलेलं.
"किती दिवस वापरताय, अक्का?"
मी बोटांकडे बघत राहिले.

दुरुस्ती नको म्हटलं.
प्लग उपसून बाजूला ठेवला,
मग पानं कातरायच्या कात्रीनं
वायर कापली, बुडाशी.

आता भिंतीवरच्या ट्यूबखाली बसते.
माझीच सावली सुपात पडते,
हजार पुरी व्हायला अकरा वाजतात.
मुंग्या येतात अजून.
कुणाच्या, ते तरी कळतं.