अक्षरांचा डबा

बिस्किटांचा डबा होता, झाकणावर बोटीचं चित्र.
त्यात मी अक्षरं ठेवायचो.

कुडचड्याचा क्लब, मालक खाणवाला.
पगार वेळेवर, पण नव्या जर्सीच्या नावानं बोंब.
खेळाडू गेला की पाठीवरचं त्याचं नाव
गरम इस्त्री फिरवून सोडवायचो,
तव्यावरून घावनाची कड सोडवावी तसं.

रिबेलो जास्त पैशांवर मडगावच्या संघात गेला.
त्याचे दोन एल मिझोरामच्या लालरिनपुइयाला आयते मिळाले.
दहा अक्षरं, एका काखेतून दुसऱ्या काखेत.
मास्कारेन्हसचा गुडघा गेला,
त्याचा एम उलटा करून वेलिंगकरला डब्ल्यू दिला.
कुणाच्या लक्षात आलं नाही, वेलिंगकरच्याही नाही.
गॅलरीत काठी धरून बसलेला मास्कारेन्हस तेवढा
एकटाच हसला.

ओकोरो लागोसहून आला, नोव्हेंबरात, एक बॅग घेऊन.
तीन ओ हवे. कुलासोचे दोन डब्यात होते.
तिसरा मी दहा नंबरातून काढला.
त्या मोसमात आमच्याकडे एक नंबरचे दोघे.
रेफ्री म्हणाला, यातला गोलकीपर कोण?
म्हटलं, पुढचा गोल करतो, मागचा खातो.

दुसरे आलो त्या वर्षी.
पहिले एकदाच, ब्याऐंशीत. मी तेव्हा नव्हतो.
ऑफिसात फोटो होता: माणसं अकरा, खाली नावं नऊ.
उरलेल्या दोघांचं विचारायचं कुणाला?

मग खाण बंद.
आधी ट्रक थांबले, मग बार्जी,
मग डॉक्टर यायचा थांबला, मग आम्ही.
शेवटच्या यादीत चौदा नावं, त्यातली तीन पेन्सिलनं.
जर्स्या परत घेतल्या, मोजल्या, धुतल्या.
खाणीकडच्या मैदानाची लाल माती
शिवणीतून गेली नाही ती नाहीच.
ओकोरोची आली नाही.
माझं एक शून्य लागोसात हिंडतंय कुठंतरी.

परवा वेलिंगकर भेटला, बाजारात, सुंगटांचा भाव करताना.
पोट सुटलंय.
म्हणाला, माझं नाव आहे का रे अजून तुझ्याकडे?
संध्याकाळी घरी आला. डबा उघडला.
सगळं नको म्हणाला, पहिलं अक्षर तेवढं दे.
दिलं.
त्यानं तळहातावर घेतलं, उजेडाकडे नेलं,
आणि नेमकं उलटं धरलं.

बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, गुरुदास,
हे कुणाचं?