चीक

त्या सप्टेंबरात पालागा आमच्याकडे आली
सरकारी चिठ्ठी घेऊन: मागची खोली, एक चूल, दोन माणसं.
दुसरं माणूस तिचा सासरा हुओती,
जो खिडकीशी बाकावर बसला तो बसलाच.
गाठोड्यात घोंगडी, देवाची काळपटलेली तसबीर,
आणि एक धोंडा.
आई म्हणाली, "दगड? सीमेपलीकडून?
आमच्या शेतात बटाट्यांआधी तेच पिकतात."
पालागाला आमची बोली अर्धी कळायची,
उरलेली अर्धी न कळल्याचं ती दाखवायची.

आमच्याकडे अळंबी म्हणजे गुरांचं खाणं.
ऑगस्ट सरला की गायी कुंपण मोडून रानात शिरत
तिच्या नादानं. हाका मारमारून बाबांचा घसा बसे.
दुष्काळात पणजोबांनी झाडाची साल दळून खाल्ली,
पण कुत्र्याच्या छत्र्यांना हात लावला नाही,
हे आमच्या घरात अभिमानानं सांगत.

ती पहाटे निघायची, बर्चच्या सालीची टोपली घेऊन.
मी मागोमाग,
कारण जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं.

स्प्रूसखाली अजून रात्रच असायची.
पाइनच्या टेकाडावर पांढरं दगडफूल
बुटाखाली पापडासारखं मोडायचं, आणि तिथे त्या,
विटकरी, मधोमध खोलगट,
खळग्यात एक बारीक टोक.
पालागा वाकायची नाही. गुडघे टेकायची.
सुरी फिरली की कापावर
एक पांढरा थेंब. मग कडेकडेनं दुसरे.

"जिभेला लाव," तिनं खुणावलं.
काहीच नाही. दहा मोजेपर्यंत काहीच नाही.
मग मिरी, मग निखारा.
मी थुंकलो, रडलो, ओलं शेवाळ चघळलं.
ती हसली, पहिल्यांदाच. पुढचे दोन दात नव्हते.

मग बोटावरचा थेंब पाहत म्हणाली
(आणि हे मला सगळं कळलं,
गायीगुरांचे शब्द दोन्हीकडे तेच)
"मुस्तिक्की व्यायला टेकली होती.
ट्रक थांबेना. दावं सोडलं, गोठ्याचं दार उघडं ठेवलं.
चीक कुणी काढला असेल?"

मी नऊ वर्षांचा. म्हणालो, "वासरानं."
तिनं मान हलवली, म्हणजे हो, किंवा गप्प बस.

दोनदा उकळून पाणी फेकायचं.
घरभर ओल्या मातीचा, कडू वास,
आई दाणदाण खिडक्या उघडत फिरली.
मीठ पालागाकडे नव्हतं, मागणारी ती नव्हती.
संध्याकाळी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर
आमचं मिठाचं मडकं दिसलं,
आई जणू तिथे विसरून गेली होती.

थर अळंबीचा, थर मिठाचा, शेपूची देठं,
वर लाकडी झाकण, झाकणावर धोंडा.
तेव्हा कळलं तो कशासाठी आला होता.
गुळगुळीत, एका बाजूला चपटा, पाण्यानं घडवलेला.

नाताळात पिंप उघडलं.
हुओतीनं एक फोड तोंडात घोळवली,
आणि तीन महिन्यांत पहिला शब्द बोलला:
एका तळ्याचं नाव.
कुणीच काही म्हणालं नाही.
आईनं उभ्या उभ्या, आमच्याकडे पाठ करून, एक तुकडा खाल्ला.
"घोडा खाईल," म्हणाली,
आणि दुसरा घेतला.

सेहेचाळीस साली त्यांना उत्तरेकडे जमीन मिळाली,
हुओतीशिवाय गेली ती.
धोंडा राहिला. ती विसरली की ठेवून गेली,
आईनं कधी पत्रानंही विचारलं नाही.

आता तो माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत असतो.
रानात गायी जात नाहीत, त्या कानाला बिल्ले लावून छपराखाली उभ्या असतात.
मी जातो, बसनं, शेवटच्या थांब्यापर्यंत.
पहिल्या अळंबीचा चीक अजून जिभेला लावतो.
दहावर भागत नाही हल्ली,
पंधरापर्यंत मोजावं लागतं.