खोटे बिंदू

दिवेघाटात चहा घेतला
आणि सासवडच्या पुढं, कऱ्हेच्या काठी
नकाशावर जिथं नुसता करडा ठिपका आहे
तिथं तिवई उभी केली.
तिचे पाय तीन,
देवळाचे उरलेले खांब अकरा.
पातळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत
आमच्यात कोण जास्त सरळ उभं आहे
हे मी स्वतःला विचारलं नाही.

यंत्र मान फिरवत राहतं.
सेकंदाला लाखो वेळा एकच सवाल:
किती लांब? किती लांब?
दगड उत्तर देतो, हवा देत नाही.
उत्तर आलं की एक बिंदू. बस.
कोणी घडवला, कोणी फोडला,
हे त्याच्या प्रश्नात नाही.

निवृत्ती गुरव पायरी झाडायचे थांबले,
टोपी सारखी केली
आणि फोटोला बसावं तसे श्वास धरून बसले.
म्हटलं, काका, तुम्ही यात नकोय.
मग कोण पायजे?
नुसतं देऊळ.
ते उठले, खराटा घेतला, जाता जाता म्हणाले,
नुसतं देऊळ मी अजून पाह्यलं नाय.

दुपारी गाभारा.
डाव्या कोनाड्यात दिवा असतो.
शतकांचं मला माहीत नाही,
गुरवांच्या पणज्यापासून नक्की.
काजळी इतकी दाट
की किरण गेला तो परतलाच नाही.
पडद्यावर कोनाड्याच्या जागी भोक.
साऱ्या देवळात जिथं सगळ्यांत जास्त हात लागले
तीच जागा माहितीत रिकामी.
तौफिक म्हणाला, मॅडम, पांढरी पूड मारू का?
बाहेर खराटा थांबला.
पुडीचा डबा पिशवीतच राहिला.

तिसऱ्या खांबावरची तुळई मधेच तुटलेली.
तिच्यावर अर्धं कीर्तिमुख:
एक डोळा, अर्धा जबडा.
दुसरा डोळा आम्हाला गावात सापडला,
द्वारकाबाई खैऱ्यांच्या मोरीत,
धुण्याच्या दगडाच्या कडेला,
साबणानं गुळगुळीत झालेला, मिटत आलेला.

न्यायला आलात?
नाही मावशी, मोजायला.
त्यांनी परकराचा पिळा घट्ट केला, झटकला.
आधी मोजत्यातच.
आमच्या माहेरी बी असंच तीन पायाचं आलं होतं.
पोरं मागं मागं पळायची त्याच्या.
दोन वर्सांनी पाणी आलं.

मग बादली बाजूला घेतली,
दगडावर तांब्याभर पाणी ओतलं,
घ्या, म्हणाल्या, ओला हाय तोवर नीट दिसतो.
ओला नको असतो, किरण सरकतो.
मी बोलले नाही.
वाळेपर्यंत आम्ही शेंगा खाल्ल्या.

रात्री धनकवडीत, कुकरच्या शिट्ट्यांत,
साऱ्या बिंदूंची साफसफाई.
कुत्रं काढलं. चाफ्याची हलती फांदी काढली.
गुरवांचा उजवा खांदा
चौथ्या फेरीत तरीही आलाच होता, काढला.
मग देवळासमोरची बारव फिरवून पाहिली
आणि हात थांबला.

पाण्याच्या खाली दुसरं देऊळ होतं.
उलटं. अकरा खांब खाली लोंबणारे,
तुळया, सज्जा, शिखराचा उरलेला ठोंब,
सगळं बिंदूबिंदूनं भरलेलं,
वरच्यापेक्षा जरा विरळ, इतकंच.
कारण साधं आहे:
किरण पाण्यावर आपटून खांबाला लागतो,
यंत्राला वाटतं सरळच गेला.
याला खोटे बिंदू म्हणतात.
चौकट ओढायची, कळ दाबायची.

मी चौकट ओढली.
द्वारकाबाईंच्या माहेराचं नाव
विचारायचं राहून गेलं, हे तेव्हा आठवलं.
कळ दाबली.

पहाटे दोन्ही तुकडे पडद्यावर जोडले.
तडा तड्याला बसला, फट चार मिलिमीटर,
आणि क्षणभर ते तोंड
दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं बघत होतं.

अहवालात रकाने ठरलेले.
दगड क्रमांक: सत्तेचाळीस.
मूळ स्थान: तुळई, तिसरा खांब.
सध्याची स्थिती:
इथं भग्न, झिजलेला, विस्थापित
यांतलं एक निवडायचं असतं.
मी खोडून हातानं टाईप केलं,
वापरात आहे.