कायम

हेक्समच्या गुरांच्या दवाखान्यात
मागच्या खोलीतला एकच संगणक मुका झाला होता.
बाकीचे बोलत होते.
डोरीन म्हणाली, तीनदा बंद करून चालू केला,
वायर काढून फुंकर घातली,
एक शिवीही दिली, पण हळूच,
बाहेर कोकरू मांडीवर घेऊन माणसं बसली होती.

मंगळवारच्या वादळात जुना राउटर जळाला.
नवा त्याच फळीवर ठेवला, त्याच पत्त्याचा,
आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसा.
पण नाव तेच असलं तरी
अंगठ्याचा ठसा वेगळा.

काळी खिडकी उघडून मी यादी मागितली:
कोणत्या पत्त्यावर कोण राहतं.
दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या,
पहिल्याच ओळीत जळालेल्याचा ठसा
आणि शेवटच्या रकान्यात, कायम.

बाकीच्या नोंदी थोड्या वेळात आपसूक विरतात.
ही कुणीतरी हाताने ठोकलेली.
अ‍ॅलेकने.
माझ्याआधी इथे येणारा अ‍ॅलेक,
प्रत्येक वायरीला सुतळीने चिठ्ठी बांधणारा,
मागच्या हिवाळ्यात गेला.
तेव्हा काहीतरी बिनसलं असणार,
त्याने भल्यासाठीच ठोकली असणार.
आणि हे बापडं यंत्र मंगळवारपासून
नसलेल्या दाराशी पाकिटं टाकत बसलेलं.

पुसली.
मग यंत्राने इमारतभर दवंडी दिली,
प्रिंटरला, एक्स-रेच्या खोलीला, कार्डाच्या मशीनला:
या पत्त्यावर कोण आहे? असेल त्याने सांगावं.
फळीवरून नव्याने ओ दिली.
एवढंच. बिल लावायची लाज वाटली.
अर्ध्या तासाचं लावलं.

निघताना वहीत सही करायची असते.
वेळ डोरीननेच लिहून ठेवली होती, कामसुद्धा,
आणि नावाच्या रकान्यात गोल अक्षरांत
अ‍ॅलेक.
तिचं तिलाच दिसलं. पेन हवेत राहिलं.
खोडते, म्हणाली, सुनेत्रा ना, दर वेळी माझं हे असं—
राहू दे, म्हटलं.
त्याच्या नावापुढे माझी सही केली,
मराठीत, कारण घाईत तीच येते.

सोमवारी सकाळी तिचा फोन:
अ‍ॅलेक, प्रिंटर पुन्हा रुसलाय.

ओ, म्हटलं. निघाले.