दोरखंडच्या हातमोज्यांबद्दल

टीझर चाळीस सेकंदांचा.
तीनदा पाह्यला, पाण्याच्या टाकीवर चढून,
कारण पारव्याच्या फाट्यापासून आत
रेंज फक्त टाकीवर, नाईतं मारुतीच्या कळसावर,
अन् कळसावर चढणं बरं दिसत नाई.

चौथ्यांदा पाह्यला तवा नजरेत आलं:
दोरखंडनं हातमोजे घातले हायेत.
काळे, चकचकीत, पेरापेराले बारके दिवे.

अंशुल म्हणते, मामा, मस्त तं दिसून राह्यला!
अंशुल बारा वर्षांचा.
त्याले गगनवज्र आवडते,
जो ढगातून येते, छाती पुढं, मागून बाजा,
गाव वाचवते
अन् गावाचं नाव न इचारता उडून जाते.
आवडू दे.

मले पयल्यापासून दोरखंड.
चार सीझन झाले, चारही सीझनमंदी त्याचं काम एकच:
खाली उभं राहून दोर धरणं.
दुसऱ्या सीझनचा सहावा भाग.
धरणाचं दार तुटलं, गगनवज्र पाण्याखाली,
अन् हा गडी भिंतीवर टाचा रोवून
सत्तावीस मिनिटं दोर सोडत नाई.
तळहाताचं कातडं दोराले लागून निघते.
कॅमेरा त्या हातांवर येते दोन सेकंद,
मंग वर जाते, जिथं टाळ्या हायेत तिथं.
म्या त्या दोन सेकंदांवर थांबवलं होतं.
डेटा संपेपर्यंत तसंच ठेवलं.

आता त्याची सोताची मालिका.
सोताचं नाव, मोठ्या अक्षरात, आधी.

गजूच्या कटिंगच्या दुकानात याच्यावरून
दोन गिऱ्हाईकं अर्ध्या दाढीनं बसून राह्यली.
गजू म्हणे, लिहून ठेवा, याले उडवतीन.
तिसऱ्या भागात पंख नाई फुटले
तं माह्या मिश्या मीच काढतो.
प्रमिलाताई उईके पोराचे केस कापाले आल्या होत्या,
त्या म्हणे, मले त्याच्या मायची काळजी.
दुःख दाखवाचं म्हटलं का पयले मायच मारते हे लोक.

मले आवाजाची.
मराठीत तो आपल्यावानी बोलते.
"काहून बे, उडता येते तं खाली पाहाले काय होते?"
हे वाक्य तालुक्यात पोट्ट्याईले पाढ्याच्या आधी पाठ.
आवाज देणारा पांढरकवड्याचा, असं गजू म्हणते,
कोणी म्हणते गोंदियाचा.
टीझरमंदी तो बोलतच नाई, नुसता श्वास घेते,
अन् श्वासावरून माणूस कुठला ते समजत नाई.
शयरातला कोणी आणला असन तं?
"का रे" म्हटला तं?

मंग म्या हातमोज्याचं काढलं.
म्हटलं, त्याचे हातच झाकले,
तं मंग त्याच्यापाशी राह्यलं काय?

प्रमिलाताईनं माह्या हातांकडं पाह्यलं.
मी झिरो वायरमन.
म्हंजे लाइनमन साहेब कागदावर, अन् खांबावर मी.
जंपर बांधतो, डीपीवर फ्यूज टाकतो,
हजेरीपटावर नाव नाई.
रबरी हातमोजे साहेबाच्या गाडीच्या डिक्कीत,
प्लास्टिक फाडलं नाई अजून.

त्या म्हणे, तुले कोणी देले असते
तं तू नाई म्हटला असता काय, देवाजी?

गजूनं वस्तरा उगाच दोनदा पुसला.

शुक्रवारी रात्री बाराले पयला भाग.
अन् आपला फीडर, शुक्रवारी रात्री, टिकला तं टिकला.
गेला तं मी खांबावर असन.
अंशुलले सांगून ठेवलं, खाली उभा राह्य,
उडाला का नाई ते नको सांगू.
एकच पाह्य: हातमोजे काढते का कवा,
अन् काढले तं आत
थे जुने घट्टे ठेवले हायेत,
का पुसून टाकले.

काल साहेबाले म्हटलं, डिक्कीची चाबी द्या.
साहेब मोबाइलमंदी होता.
म्हणे, काहून?

त्या आवाजात नाई.