चौदा दशांश तीन

ॲप साधंच.
वर एक चौकट, लेखाचा दुवा चिकटवायला,
खाली एक बटण : ऐका.
मधलं सगळं मी चार रविवारांत लिहिलं,
कायानीत, बाबांच्या स्वयंपाकघरात,
खिडकीबाहेर उणे सव्वीस.

पहिल्या दिवशी ते दिसेल ते वाचत सुटलं.
लेखाआधी गाद्यांचा सेल,
फोटोखालची ओळ, फोटो काढणाऱ्याचं नाव,
हेही वाचा, हेही वाचा,
मयताला आलेल्याने भाजीचा भाव विचारावा तसं.
मी एकेक साल काढत गेले.
मग स्वल्पविरामांशी झुंज :
यंत्राला श्वास लागत नाही,
म्हणून तो लिहून द्यावा लागतो.
इथे तीनशे मिलिसेकंद, परिच्छेदाला आठशे.

हे सगळं बाबांसाठी.
तायस्तो, बर्फ हटवायच्या नांगरगाडीचे चालक,
रात्री दोनला निघतात,
गाव उठायच्या आत रस्ते उकरून परततात.
"पेपर वाचायला वेळ कुठे मिळतो," म्हणायचे,
आणि तरी रोज सकाळी तो उघडून बसायचे,
पान उलटायचे बऱ्याच वेळाने.
मला वाटायचं, किती मन लावून.

तीन आठवडे ते गाडीत लेख ऐकत राहिले.
मग एकदा, हातमोजे काढता काढता,
माझ्याकडे न बघता :
"कागदावरचं वाचतं का हे?"
शिकवता येईल, म्हटलं.
त्यांनी गॅरेजमधून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला.
पाकिटं. नीट फोडलेली, नीट घडी घातलेली.
एकावर मी लहानपणी काढलेले मांजराचे कान.

फोटो काढला. ऐका.

नगरपालिका, रस्तेविभाग, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
आपल्या कामावर आम्ही समाधानी आहोत.
मुकादमाच्या जागेसाठी आपला विचार व्हावा असे वाटते.
लेखी परीक्षा चौदा दशांश तीन रोजी.
कृपया लेखी कळवावे.

बाबा हसले. "चौदा दशांश तीन!"
मग म्हणाले, "परत लाव."
तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर :
"किती नीट विचारलं होतं त्यांनी.
मला वाटलं, तक्रार असणार.
त्या हिवाळ्यात मी एक टपालपेटी पाडली होती."

अक्षरशत्रू म्हणतात अशा माणसाला.
शब्द उलटा आहे.
यांनी एकाही अक्षराचं कधी वाकडं केलं नाही,
तीस वर्षं रोज सकाळी त्यांच्यासमोर बसले,
तीच एका जागी उभी राहीनात.

आई होती तोवर बिलं ती मोठ्याने वाचायची,
सिंककडे तोंड करून, स्वतःशीच बोलल्यासारखी,
रक्कम दोनदा.
मला ती तिची खोड वाटायची.

रात्री दोनला अंगणात इंजिन खोकलं.
मी टेबलाशीच होते, तारखेच्या मागे :
दोन आकडे, मध्ये बिंदू, शेवटी पुन्हा बिंदू,
तर दशांश म्हणू नकोस, महिना म्हण.
सात ओळी. सातव्या वेळी जमलं.

वेग त्यांनी आपला आपण ठरवलाय, शून्य दशांश आठ.
तो मी बदलला नाही.
डब्यात अजून एकतीस पाकिटं आहेत.
त्यांतलं एक माझ्या शाळेचं.