उरलेला बोल्ट

सगळं बसवून झालं
आणि हात पुसताना दिसलं,
फडक्यावर एक बोल्ट उरलाय.

तेराच्या पान्याचा. पेरापेक्षा जरा लांब,
मानेशी गंज, पण आट्यांत ताजं ग्रीस.
म्हणजे आजच कुठूनतरी उठून आलेला.

नानुली आत्यानं तो उजेडात धरला,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवलेल्या आवाजात विचारलं,
"हा कुठला रहिवासी?"

मला सांगता येईना.
मार्चपासून निवा अंगणातल्या अक्रोडाखाली
दगडांवर उभी होती, चाकांवाचून.
बॉल जॉइंट बदलले. शाफ्टचे क्रॉस बदलले,
जुन्यांतल्या बारीक सुया
तांबडी भुकटी होऊन तळव्यावर सांडल्या.
ड्रायव्हरच्या पायाखाली भोक होतं,
त्यातून आत्याला रस्ता दिसायचा.
"राहू दे," म्हणाली, "तेवढंच लक्ष राहतं."
तरी मी पत्रा वेल्ड केला.
बाकी काय काय उघडलं, बंद केलं,
कुणी वहीत लिहिलंय?

जूनमध्ये बुलडोझरनं खिंडीतला बर्फ कापला.
तुशेतीची वाट मोकळी झाली तशी आम्ही निघालो.
टपावर मीठ, पीठ, गॅसची टाकी,
मागे पोलंडचे दोन पाहुणे, गुडघे हनुवटीला.
बोल्ट माझ्या खिशात.

सातव्या वळणावर खुळखुळ सुरू झाली.

आत्यानं रेडिओ बंद केला.
पाहुणे बिचारे आपणहून गप्प झाले.
दोघं जिवाचा कान करून बसलो आणि मग काय,
गाडी बोलायलाच लागली.
डिफरन्शियलचा बारीक सूर,
दाराच्या रबराची कुरकुर,
मागचं डावं स्प्रिंग दर खड्ड्याला
"आई गं" म्हणून उठणारं.
वीस वर्षं हे सगळं बोलत असेल,
आम्ही आपले गाणी ऐकत बसलो.

चार वेळा थांबलो.
चारही वेळा मी खाली सरपटलो,
पाठीखाली वितळलेल्या बर्फाचं पाणी,
तोंडात टॉर्च. हाताला लागेल ते आवळलं.
सगळं घट्ट. एकही भोक रिकामं नाही.
डाव्या हाताला दरी, तिचं तर तळच दिसेना.
आणि पुन्हा निघालो की
खुळखुळ,
कुणीतरी मुठीत फासे हलवावेत तशी.

माथ्यावर इरोदीचा कामाझ उभा होता, इंजिन थंड करत.
तो आमच्या गाडीत टेकायला आला, सिगरेट पेटवली
आणि राख झाडायला अ‍ॅशट्रे ओढला.

आत सात बोल्ट. दोन वॉशर.
एक कोपेक, ज्या देशाचा तो देश आता नाही.

इरोदी आधी हसला. मग आम्ही.
पोलंडवाले कशाला हसताहेत ते न कळता सगळ्यांत जास्त.

आत्यानं एकेक उचलून ओळख करून दिली:
"हा गिअरबॉक्स उतरवला तेव्हाचा, तुझ्या काकांचा.
हा रेडिएटरचा, म्हणजे असावा.
हे दोन त्या हिवाळ्यातले, वीज नव्हती,
मेणबत्तीवर क्लच बसवला होता.
दर दुरुस्तीला एक उरतो.
गाडी वर्षागणिक हलकी होते,
मीच जड होत चाललेय."

मी खिशातला आठवा तिच्या हातावर ठेवला.
तिनं तो आत टाकला, खण बंद केला.

उतारावर खुळखुळ जरा वाढलीच.
आता कुणी थांबा म्हणालं नाही,
आत्यानं रेडिओ लावला.

रात्री ओमालोत कोतोरीचा वास सुटला होता.
मी अजून गाडीखालीच,
तोंडात टॉर्च,
स्टार्टरची पाठ बोटांनी चाचपत.
आतून हाक आली, "थंड होतंय सगळं!"
"आलोच," म्हणालो,
आणि टाकीच्या पट्ट्याकडे सरकलो.